पहिलीच्या वर्गाचा बिनमातीचा मळा

३ सप्टेंबर

शाळेची एक वही आहे, ती आमच्या शिक्षिका दाइनबाई तपासतात. तिच्यात मी लिहिते, "आज ऊन होतं. मी मुळे उपटले. मजा आली." बाई खाली लाल शाईने फूल काढतात. ही दुसरी वही माझी एकटीची. हिच्यात फूल नको आणि माझ्या चुकाही कुणी काढायच्या नाहीत.

तर आज खरं काय झालं ते लिहिते. बाईंनी आम्हाला शाळेमागच्या पॉलिहाऊसमध्ये नेलं. आम्ही म्हणजे पहिलीचा अख्खा वर्ग. मी मिन गोपदान, वय चौऱ्याहत्तर. बोंगने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण तोंडाने मोठी. वलसिमला ऐकायला कमी येतं. आणि बोंगनेची नात राओन, वय सात, ती आमची मॉनिटर. यंदा साऱ्या पंचक्रोशीत पहिलीला एकटी राओनच होती. एकीसाठी वर्ग चालत नाही, म्हणून लहानपणी शाळा न पाहिलेल्या आम्हा तिघींना बाईंनी घरोघर येऊन बोलावलं. मार्चपासून आम्ही बाकावर बसतो.

पॉलिहाऊसमध्ये पांढरे पाइप आडवे मांडलेत, त्यांना भोकं पाडलीत, खाली एक निळी टाकी. बाई म्हणाल्या, "आजी, इथे आपण मातीशिवाय भाजी पिकवायची."

बोंगने इतकी हसली की कवळी सावरावी लागली. "अहो बाई, माती लागतच नसेल तर आम्ही जन्मभर कोबीच्या वाफ्यांत गुडघे कशाला झिजवले?"

बाई बिचाऱ्या पंचवीसच्या, ग्वांगजू शहरात वाढलेल्या, मनगटं कांद्याच्या पातीसारखी. त्यांनी समजावलं की टाकीत मासे सोडायचे. मासे खाणार आणि पाण्यात घाण करणार. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या घाणीचं खत करणार. पंप ते पाणी पाइपांत चढवणार, लेट्युसची मुळं त्यातलं खत शोषून घेणार, आणि चांगलं झालेलं पाणी परत माशांकडे येणार.

"काय म्हणतेय ती?" वलसिमने विचारलं.

बोंगने तिच्या कानात ओरडली, "माशांच्या शेणावर लेट्युस!"

"मग सरळ तसं सांगायचं की!" वलसिम म्हणाली.

५ सप्टेंबर

स्पंजच्या चौकोनांत बी पेरलं. प्रत्येकीने आपल्या नावाची पाटी लिहून आपापल्या रांगेला लावली. मिन गोपदान. आयुष्यभर पीक काढलं, पण पिकावर माझं नाव हे पहिल्यांदाच. घरी जाताना दोनदा परत फिरून वाचून आले. बरोबर लिहिलं होतं.

१५ सप्टेंबर

माझ्या हातून घोटाळा झाला.

रोपं पाइपांत बसवली. पण मुळं अशी उघडी, पाण्यात लोंबकळलेली. बाई गं, बघवेना. थंडीत लेकराला बिनकपड्यांचं उभं करावं तसं वाटलं. म्हणून काल सगळे गेल्यावर मी माझ्या वावरातली मऊ माती आणली आणि माझ्या रांगेतल्या रोपांच्या गळ्याशी मूठ मूठ घातली.

सकाळी पंप बंद. बाई कोपरापर्यंत चिखलात. "ही माती आली कुठून?" असं विचारत होत्या, तेवढ्यात राओन म्हणाली, "सगळ्यांनी नखं दाखवा." ही पोरगी पुढे फौजदार होणार!

बाई रागावतील वाटलं, पण त्यांना हसूच आवरेना. शिक्षा म्हणून सगळे पाइप ब्रशने घासायचे होते. बोंगने आणि वलसिमही मदतीला बसल्या. वलसिमने पाइपाचं एक टोक कानाला लावलं, दुसऱ्या टोकातून बोंगनेने गाणं म्हटलं. कित्येक वर्षांनी नीट ऐकू आलं म्हणे. पण आवाज ओळखूनही मुद्दाम म्हणाली, "कोण रडतंय?"

मला इतकं हसू आलं की मी ओल्या जमिनीवर बसलेच.

१८ सप्टेंबर

मासे आले. मेंग दुमानने आणले. गावाच्या वरच्या अंगाला त्याची माशांची तळी आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सारा गाव त्याला मासेवाला म्हणतो. काळे कार्प आणलेत, हाताच्या पंजाएवढे, चांगले गुटगुटीत.

मासे पोचवायला येताना माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो का? वर केसांना तेल. मी बोंगनेला म्हटलं, "याला काय लग्नाला जायचंय?" ती म्हणाली, "कुणास ठाऊक," आणि खोकल्यासारखं करून तोंड फिरवलं.

टाकीत मासे सोडून झाल्यावर तो रांगांच्या पाट्या वाचत हिंडला. माझ्यापाशी थांबला. "मिन गोपदान. म्हणजे तुम्ही? इतकी वर्षं मी तुम्हाला थेग्युची आईच म्हणतोय."

"मग तसंच म्हणा."

"नाव चांगलं आहे की. वापरायला काय हरकत आहे?"

आगाऊ! माझे कान तापले. पॉलिहाऊसमध्ये हवा कोंडते, बाईंना बाजूचा पडदा वर करायला सांगायला हवं.

२० सप्टेंबर

बाईंचा नियम असा आहे की माशांना खायला फक्त मॉनिटरने घालायचं. दिवसातून एकदा. एक छोटा चमचा. बाकी कुणी हात लावायचा नाही.

एक चमचा! एवढ्या माशांना! पाण्याजवळ गेलं की सगळे वर येतात आणि तोंडं उघडून माझ्याकडे बघतात. आपल्या दारात कुणी आलं तर आपण आधी विचारतो, जेवलात का? मग माशांनी काय घोडं मारलंय? मी एकच मूठ टाकली. छोटीशी.

बाहेर पडताना वलसिम आत येत होती. जॅकेटचा खिसा फुगलेला. "चष्मा विसरला," म्हणाली. चष्मा नाकावरच होता. वय झालं बिचारीचं.

२६ सप्टेंबर

दुमान परत आला. एका बादलीत चार मासे. म्हणे, "आधीच्यांना करमत नसेल, सोबत आणली." बाई शिक्षकांच्या बैठकीला गेल्या होत्या, म्हणून मीच टाकीचं झाकण उघडून दिलं. मग त्याने पंप बघितला, पाइप बघितले, पंप पुन्हा बघितला. चहा मी केला. शाळेची किटली आहे म्हणून, दुसरं काही नाही.

संध्याकाळी आरोग्य केंद्रात जाऊन आले. छातीत मधूनच धडधड होते. डॉक्टरांनी यंत्र लावलं, सगळं ठीक आहे म्हणाले. "केव्हा होतं, आजी?" मी आठवून सांगितलं की मासेवाल्याची गाडी शाळेत शिरली की होतं. डिझेलच्या धुराने असेल. डॉक्टर आणि नर्स एकमेकांकडे बघून हसले. हल्ली दवाखान्यात गांभीर्य म्हणून राहिलेलं नाही.

३० सप्टेंबर

काल छुसोकचा सण झाला. सोलहून मुलगा थेग्यु, सून आणि नातू आले. पितरांना पान वाढून झाल्यावर थेग्युने विषय काढला. त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक घर रिकामं होतंय. डिसेंबरात माझं सामान हलवायचं.

"आई, बाबा गेल्यापासून हिवाळ्यात तू इथे एकटी पडतेस. रात्री पाय घसरला तर कुणाला कळेल?"

त्याचं चुकत नाही. मागल्या वर्षी मी अंगणात पडलेच होते, त्याला सांगितलं नव्हतं, बोंगनेने सांगितलं.

"माझी शाळा आहे," मी म्हटलं.

"पहिली संपतेय ना?"

इथेच घोडं अडतं. मार्चला दुसरीचा वर्ग सुरू होईल, पण वर्गाला चारजणी तरी लागतात; आम्हा तिघींतली एक जरी गळाली तरी वर्ग बंद. राओनला बसने तालुक्याच्या शाळेत जावं लागेल आणि दाइनबाईंची बदली होईल. थेग्युला हे सांगितलं नाही. लेकराला कोड्यात कशाला टाकायचं? "बघू," म्हटलं.

सगळे झोपल्यावर तांदळाचे मोदक उरलेले दिसले. आज सकाळी लवकर उठून त्यांतले थोडे कुस्करून माशांना देऊन आले. सण त्यांनाही आहे. पाण्यावर आधीच मोदकाचा चुरा तरंगत होता. तिळाचं सारण होतं. बोंगने तिळाचंच सारण घालते. योगायोग.

५ ऑक्टोबर

आज रोजची पाण्याची परीक्षा होती. नळीत पाणी घेऊन बाई औषधाचे थेंब टाकतात. गेले काही दिवस रंग पिवळट हिरवा यायचा. आज हिरवागार झाला, पालकासारखा. आम्ही टाळ्या वाजवल्या. हिरवं म्हणजे चांगलंच असणार ना!

बाई पांढऱ्या पडल्या. "आजी, पिवळं चांगलं. हिरवं म्हणजे पाण्यात विष झालंय."

तेव्हा मी टाकीत नीट बघितलं. पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ. मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासत होते. भूक लागली असं मी समजत होते. त्यांचा श्वास कोंडत होता. तीन मासे कुशीवर तरंगत होते.

बाई टाकीच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. "मी मोजूनमापून करतेय. चमचा एकच. मग माझं चुकलं कुठे?" आणि रडायलाच लागल्या. वयाने माझ्या नातीएवढी पोर ती. आम्ही तिघी पायांच्या बोटांकडे बघत उभ्या.

६ ऑक्टोबर

वर्गात राओनने हात वर केला. "बाई, मॉनिटर म्हणून मला सांगायचंय. गोपदान आजी सकाळी घालते, वलसिम आजी दुपारी, आणि आमची आजी केव्हाही. शिवाय सणाला मोदक घातले."

"आगलावी कुठली!" बोंगने ओरडली. "घरी चल, बघते तुला."

"आणि मासेही जास्त झालेत," राओन म्हणाली, "टाकी नुसती वळवळते." तेही खरं; त्या चार माशांनंतर दुमान, बाई घरी गेल्यावर, आणखी तीनदा बादली घेऊन आला होता.

बाईंनी दुमानला फोन करून बोलावून घेतलं. तो टोपी हातात धरून दारात उभा राहिला. म्हणे, वाढले असतील आपोआप.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "दोन आठवड्यांत कार्पना पिल्लं होऊन ती पंजाएवढी होतात?"

दुमानने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "रिकाम्या हाताने कसं यायचं, बाई? दर वेळी काहीतरी निमित्त लागतं."

बाईंनी बाकावर डोकं टेकवलं. खांदे हलत होते. पुन्हा रडतायत वाटून मी पाण्याचा पेला नेला, तर त्या हसत होत्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी. मग बोंगने फुटली, मग वलसिम, जिला एक शब्द ऐकू आला नव्हता.

मला दुमानचं कळलं नाही. शाळा सगळ्यांना उघडी आहे, यायला निमित्त कसलं लागतं? पण जास्तीचे मासे त्याला परत न्यायला लावले ते बरं झालं. मान खाली घालून बादल्या उचलत होता. बादली जड होती, म्हणून गाडीपर्यंत मी एका बाजूने धरली.

९ ऑक्टोबर

रोज थोडं थोडं पाणी काढून विहिरीचं ताजं घालायचं. आणि माशांना अजिबात खायला नाही. बाई म्हणाल्या, घाण खाणारे ते बारीक जीव वाढेपर्यंत उपास, मासे मरत नाहीत त्याने.

बोलायला सोपं. आमच्या लहानपणी जव पिकायच्या आधीचे महिने म्हणजे नुसती भूक. आई पाइनच्या सालीची पेज करायची. धाकटा भाऊ वाडग्याचा तळ बोटाने पुसायचा आणि मग असाच, तोंड उघडं ठेवून, आईकडे बघायचा. म्हणून मला उघडं तोंड बघवत नाही. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा जीव तुटतो ते कळतं मला. पण यांना आत्ता अन्न नको, हवा हवी."

खरं आहे. ही भूक वेगळी आणि ती वेगळी.

आम्ही आता एकमेकींवर पहारा ठेवतो. बोंगनेने खिसे शिवून टाकलेत, माझे आणि स्वतःचेही.

१३ ऑक्टोबर

दुमान रोज येतो, पाण्याच्या बादल्या भरायला. मासे आणायचे नाहीत म्हणून आता पर्सिमन आणतो. आज सगळ्यात पिकलेलं फळ माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, "वलसिमला द्या, तिला दात नाहीत."

त्याने दिलं. बोंगनेने मला कोपराने असं ढोसलं की बरगडी दुखतेय. "तू वाचायला शिकलीस," म्हणाली, "पण समोर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं तुला दिसत नाही." मी चारी बाजूंना बघितलं. भिंतीवर एकच पाटी होती, "पळू नका."

२१ ऑक्टोबर

पिवळं! पिवळं! पिवळं!

राओनने नळी उजेडात धरली आणि किंचाळली. बाईंनीही बघितलं आणि त्याही किंचाळल्या. आम्ही एकमेकींचे हात धरून टाकीभोवती गोल नाचलो. वलसिमचा गुडघा, माझी कंबर, कुणाला काही आठवलं नाही. दुमान दारात बादली घेऊन उभा होता, त्यालाही ओढलं. त्याचा हात फार खरखरीत आहे. नाच थांबल्यावर तो सोडायचा राहिला. कुणाकडून ते नक्की सांगता येत नाही.

मासे खाली तळाशी गेलेत, निवांत. आजपासून परत एक चमचा. एकच.

२ नोव्हेंबर

लेट्युसला काय रंग चढलाय! कडा जांभळट, मधे कोवळा पोपटी. पान तोडलं की कट्‌ असा आवाज येतो. मी चव घेतली. कडसर, गोड, पाणीदार. बोंगनेला म्हटलं, "मातीची चव नाही, पण वाईट नाही." ती म्हणाली, "तू कधी कशाला चांगलं म्हणशील का?" आणि माझ्या रांगेतली चार पानं खाल्ली.

१४ तारखेला आमचा वर्ग साऱ्या गावाला जेवण देणार. थेग्युला फोन करून ये म्हटलं. तो म्हणाला, "येतो. मोठी गाडी घेऊनच येतो, तुझं थोडं सामान आत्ताच नेता येईल."

मी फोन ठेवला आणि परसातले मुळे उपटायला गेले.

५ नोव्हेंबर

दुमानला सांगितलं, डिसेंबरात मी सोलला जाईन बहुतेक. तो पाइपाचं झाकण फिरवत होता, फिरवतच राहिला. झाकण तुटलं. "बरं," म्हणाला आणि गेला. धड निरोप नाही, काही नाही. मला इतका राग आला की रात्रीचा भात करपला.

वलसिमला रडू आलं. बाई म्हणाल्या, "आजी, माझ्यासाठी किंवा वर्गासाठी थांबू नका. तुम्हाला काय हवंय ते बघा." मला काय हवंय हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर शोधायला जरा वेळ लागणार.

१४ नोव्हेंबर

आज जे झालं ते पहिल्यापासून लिहिते.

पॉलिहाऊसमध्ये लांब टेबलं मांडली. बाहेर डुकराचं मांस भाजलं. भात, लसूण, हिरव्या मिरच्या, माझी आंबवलेल्या सोयाबीनची चटणी. आणि मधोमध टोपल्या भरभरून आमचं लेट्युस. राओनने वहीतून वाचून सांगितलं भाजी कशी पिकली ते. मोदकांचं गाळलं नाही. लोक हसून हसून आडवे झाले.

थेग्यु माझ्याशेजारी बसला होता. पान, त्यावर भात, मांस, चटणी, गुंडाळून घास तोंडात, मग दुसरा. "आई, हे तू पिकवलंस?" पाटी बघून आला. "तुझ्या अक्षरात आहे," म्हणाला आणि पुन्हा एक पान उचललं.

मी म्हणणार होते, थेग्यु, मला दुसरीत जायचंय. शब्द तयार होते. तेवढ्यात समोर मेंग दुमान येऊन उभा राहिला. तोच इस्त्रीचा शर्ट. हातात लेट्युसचा घास, माझ्या मुठीएवढा. "आ करा," म्हणाला.

सगळ्यांदेखत! मी "हे काय भलतंच" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने घास आत घातला.

"आता तोंड भरलंय तेवढ्यात सांगून टाकतो," तो म्हणाला, "नाहीतर तुम्ही मला बोलू द्यायच्या नाहीत. गोपदान, सोलला जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. मासे, पाणी, पंप, ही सगळी निमित्तं होती. पंपातलं तर मला काही कळतही नाही."

पाइपांतून पाणी पडत होतं. मी चावत होते. घास संपेना. चावता चावता मला एकेक गोष्ट उमगत गेली. शर्ट, बादल्या, पर्सिमन. बाई गं, साऱ्या गावाला माहीत होतं. सात वर्षांच्या राओनलासुद्धा!

गिळलं एकदाचं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी टोपलीतलं सगळ्यात मोठं पान उचललं, भात ठेवला, मांस ठेवलं, चटणी आणि अख्खी हिरवी मिरची. गुंडाळलं आणि त्याच्या तोंडात कोंबलं.

"मी कुठे जातेय?" म्हटलं. "मार्चला माझी दुसरी आहे."

अशी काही आरोळी उठली की प्लॅस्टिकचं छत हललं. बोंगने टेबलावर थापा मारत होती. दाइनबाईंनी एप्रनमध्ये तोंड लपवलं. दुमानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, मिरचीचं की कशाचं कोण जाणे, पण माणूस चावत होता आणि हसत होता.

मग मला थेग्यु आठवला. तो उठून उभा राहिला होता. कान लाल. त्याने टेबलावरची तांदळाच्या दारूची किटली उचलली, दुमानसमोर गेला, मान लववली आणि घरच्या वडीलधाऱ्याला भरून देतात तसा दोन्ही हातांनी त्याचा वाडगा काठोकाठ भरला.

"घ्या," म्हणाला, "तिच्या मिरच्या फार तिखट असतात. सवय करून घ्यावी लागेल."

संध्याकाळी मोठी गाडी रिकामीच निघाली, मागे फक्त लेट्युसच्या दोन टोपल्या. थेग्युने काच खाली करून दुमानला सांगितलं, अंगणात बर्फ साचू देऊ नका, ती घसरते. दुमान "हो, हो" म्हणाला. गाडी वळणाआड गेल्यावर रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. आधी मला हसू फुटलं, मग त्याला, आणि घरी जायची घाई कुणालाच नव्हती.